कंडक्टरच्या शेवया

२ मार्च, रविवार

आज शोभीनं परत ताट सारलं. अर्धी भाकर आन मेथीची भाजी, एवढंच होतं. म्हणली, "भात न्हाई, चपाती न्हाई, गोड न्हाई. मग जेवायला कामून बसवता? गोळ्याच वाढा की ताटात!"

मी बी बोललो. बोलायला नको होतं. "पाय पायजे का भात पायजे ते एकदाचं सांग," असं तोंडातून गेलं. शोभीनं भिंतीकडं तोंड केलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, हिचा राग निघतो तो भिंतीवर!

जानेवारीत उजव्या पायाची करंगळी काढली. बोट गेलं ते गेलं, जखम काही भरंना. बिदरचे डॉक्टर म्हणले, गोळ्या-सुई चालूच ठेवा, पर खाण्यावर हाय सगळं. साखर उतरली तर जखम भरंल. न्हाई उतरली तर गुडघ्याखालून पाय काढावा लागंल. २१ एप्रिलला परत दाखवायचंय. सात आठवडे राहिले.

सकाळची साखर — २६२. आता रोज इथं लिहिणार. कंडक्टर होतो तवा बत्तीस वर्षं रोज कागद भरले, लिहिल्याबिगर हाताला चैन न्हाई.

४ मार्च, मंगळवार

कडगंचीहून मैत्रेयीचा फोन. आमची एकुलती एक. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर — आन लेकरू आईला काय खाऊ घालावं ते शोधत बसलंय.

"अप्पा, घरी लो-कार्ब नूडल्स करा."

म्हणलं, ते काय असतंय?

"मैदा न्हाई, गहू न्हाई, तांदूळ न्हाई. सोयाबीनचं पीठ, हरभऱ्याचं पीठ, जवस. चिकटायला ईसबगोल. पोट भरतं, आन साखर चढत न्हाई."

शोभी खाटेवरून ऐकायली होती. म्हणली, "नूडल म्हणजे शेवयाच की गं माय! आन करणार कोण? हे?" मायलेकी दोघी खदाखदा हसल्या. हसू द्या. जानेवारीपासून पयल्यांदा हसली.

सोयाबीन घरचंच हाय. करून बघू.

६ मार्च, गुरुवार

सोयाबीन भाजलं, भरडलं, साल पाखडली आन वीरभद्रप्पाच्या गिरणीत नेलं. त्यानं पिशवीत हात घातला आन लगेच काढला. "ब्याडरी अण्णा, नको! तेल हाय ह्यात, दगडाला चिकटून बसतंय. सगळे गव्हात मिसळून दळतेत. थोडे गहू टाका, भुर्र दळून देतो."

म्हणलं, गव्हाचा एक दाणा पडला तर मी गिरणीच चालू देत न्हाई! घरी पेशंट हाय. गिरणी झाडायला लावली. माझ्याआधीच्या बाईचं ज्वारीचं पीठ आत राहिलेलं असतंय, म्हणून पयलं मूठभर सोयाबीन दळून ते पीठ बाजूला काढायला लावलं. शेवटपर्यंत तिथंच उभा राहिलो, चेकिंगला आल्यासारखा. वीरभद्रप्पा म्हणला, "अण्णा, रिटायर झालाव का न्हाई नक्की?"

नाकातोंडात पीठ गेलं. पर शुद्ध आणलं.

७ मार्च, शुक्रवार

शेवयाचं मशीन माळ्यावरून काढलं. शोभीचं, लोखंडी, तिच्या मायनं दिलेलं. ओसरीतल्या बाजेला घट्ट कसलं, उंडा घातला, दांडा फिरवला — शेवया कुठल्या, भुगा पडला! शोभीला डोळ्यानं आता धूसरच दिसतंय, पर कान शाबूत हायत. आतल्या खोलीतून ओरडली, "पीठ मुरू द्या की वं! एवढी काय घाई, गाडी सुटायलीय का?"

ही शेवया करायची तवा केसावानी तार निघायची. आमच्या वस्तीतल्या सगळ्या लग्नाच्या शेवया हिच्याच हातच्या. उन्हाळ्यात वरच्या गल्लीतल्या बायका बी शिकायला यायच्या. सुशीलाबाई तर सलग चार उन्हाळे आली. ओसरीच्या कडंला बसून बघून शिकून गेल्या सगळ्या. हिच्या हातच्या मात्र कुणी नेल्या न्हाईत. शोभी त्यांना कधी काही बोलली न्हाई. त्या गेल्या की भिंतीला बोलायची.

८ मार्च, शनिवार

परत भुगा. कुत्र्यानं बी वास घेऊन सोडला.

१० मार्च, सोमवार

जमल्या!! आज जमल्या!

दोन वाट्या सोयाबीन, एक वाटी हरभरा, अर्धी वाटी जवस. ईसबगोल वाढवला, एक अंडं फोडून घातलं, उंडा तासभर झाकून ठेवला. दांडा फिरवला तर लांब लांब आल्या. पर काठीवर घेतल्या की एकमेकीला चिकटून नुसतं दोरखंड. आतून शोभी सांगायली — "हाताला तेल लावा, काठीला तेल लावा, दमानं घ्या." तेल लावलं तर आणखीन लगदा!

मग आठवलं. ही करायची तवा शेजारी पिठीचा डबा असायचा. तांदळाची बारीक पिठी. वरून भुरभुरवली की शेवई सुट्टी पडायची. डबा फळीवर तसाच होता. मूठभर घेऊन भुरभुरवली — काय सांगू, एक एक तार वेगळी! पिठी काय, वरून लावायची गोष्ट. ती कुणी पिठात धरत न्हाई.

ताटात घेऊन दाखवायला नेल्या. हातानं चाचपून बघितल्या तिनं. "तेलावर एवढ्या सुट्ट्या? माझ्या मायला जमल्या नसत्या!"

मी म्हणलं, व्हय, तेलच लावलं.

कामून म्हणलं कुणास ठाऊक. छत्तीस वर्षात माझ्या कुठल्या कामाला हिनं वा म्हणलेलं आठवत न्हाई. तेवढ्यासाठी असंल.

उकडून, कांदा आन काळा मसाला घालून परतल्या. शोभीनं पयला घास घेतला आन थांबली. जरा वेळ तोंडातच ठेवला. मला वाटलं, सोयाबीनचा वास राहिला का काय! म्हणलं, कसं हाय? म्हणली, "ब्येस हाय." आन ताट पुसून खाल्लं. दोन महिन्यात पयल्यांदा.

१५ मार्च, शनिवार

आता रोजचं ठरलंय. सकाळी जखम धुऊन पट्टी, मग उंडा, ऊन चढलं की मशीन. शोभीची खाट ओसरीत आणून टाकली. ती पडल्या पडल्या हुकूम सोडती, मी दांडा फिरवतो. डबा मात्र माझ्या पाठीमागं ठेवतो. तिला दिसत न्हाई, तरी बी.

एवढा वेळ मी हिच्याजवळ कधी बसलोच न्हाई. कधी हैदराबाद गाडी, कधी मुक्कामी गाडी. "हिंद होगरी, मागं सरका" ओरडत जन्म गेला. घरी यायचो ते झोपायला. आज ती मला तिच्या लहानपणीचं सांगत होती, मुडबीला तिच्या मायच्या घरी बायका एकत्र बसून शेवया करायच्या त्याचं. मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं काय केलं मी!

शेवया उकडलेलं पाणी फेकायला जीव होईना. घट्ट, पांढरं. लसूण, जिरं, मिरं घालून कढण केलं. दोन वाट्या पिली. "हे रोज करा," म्हणली.

दुपारी सुशीलाबाई आली, ताटातली एक शेवई उचलून तोंडात टाकली. "कंडक्टरच्या शेवया लई झाक!" असं म्हणून गेली. ती गेल्यावर शोभीनं ताट चाचपलं. मग म्हणली, "तुमच्या हातची खाल्ली बगा तिनं."

१८ मार्च, मंगळवार

पिठी संपली. सोयाबीन लई चिकट, दोन-तीन मुठी लागतीय रोज. राशनचा तांदूळ गिरणीत नेला. वीरभद्रप्पा म्हणला, "घरात भात बंद म्हणलाव की अण्णा. मग हे कुणाला?"

"शेवयाच्या पिठीला."

"हां, पिठीला व्हय," म्हणला आन दळून दिला.

१९ मार्च, बुधवार

साखर २७१. उतरायला पायजे होती. मशीन बिघडलं असंल. तपासायचं मशीन म्हणतोय, शेवयाचं न्हाई.

२१ मार्च, शुक्रवार

२८४. माझी स्वतःची तपासून बघितली — ११०. मशीन बरोबर हाय.

२४ मार्च, सोमवार

२९१!

भात न्हाई, चपाती न्हाई. सकाळी अंडं, दुपारी शेवया, संध्याकाळी शेवया आन कढण. गव्हाचा दाणा घरात शिरू देत न्हाई मी. मग साखर येतीय कुठून? आभाळातून?

मी दहाला स्टँडवर चहाला जातो, अर्ध्या तासानं येतो. आज आलो तर सुशीलाबाई निघालेली, पदराखाली वाटी. मला बघून वाटी आणखी आत घेतली. म्हणलं, काय आणलं व्हतं? "काही न्हाई भाऊ, असंच."

असंच!

२६ मार्च, बुधवार

आज विचारलं. सरळ विचारलं.

"शोभे, माझ्या माघारी काय खातीस?"

म्हणली, "तुम्ही दिलेलं सोडून गोडाचा एक दाणा खाल्लेला न्हाई."

आन नजर चुकवली. भिंतीकडं बघायली. बत्तीस वर्षं तिकिटं फाडली मी. भरल्या गाडीत बिगरतिकिटाचा माणूस मला लांबून कळायचा. तो खिडकीबाहेर बघतो, बूट बघतो, माझ्याकडं तेवढं बघत न्हाई. हिनं तसंच केलं! माझ्या घरात, माझ्या बायकोनं! एवढं मर मर मरायलोय ते कुणासाठी?

नको ते बोललो. चोरटी म्हणलं. "पाय गेला तर मी उचलून फिरवणार न्हाई," हे बी म्हणलं. तिनं पांघरूण ओढून घेतलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

गूळ, साखर, तांदूळ, पोहे, साबुदाणा सगळं फडताळात कोंबलं आन कुलूप घातलं. गाडीवर होतो तवाचं माझ्या पत्र्याच्या पेटीचं कुलूप. किल्ली कमरंला. पिठीचा डबा तेवढा बाहेर ठेवला, रोज लागतो म्हणून.

२७ मार्च, गुरुवार

बोलणं बंद. शेवया केल्या. खाल्ल्या तिनं. २८८.

३० मार्च, रविवार

आज वरच्या गल्लीतल्यांचा पाडवा. सुशीलाबाई पुरणपोळीचं ताट घेऊन आली. दारातूनच परत पाठवली. म्हणलं, बाई, तुमच्या पाया पडतो, पर हिला गोड खाऊ घालून मारू नका. तोंड एवढंसं झालं तिचं. म्हणली, "भाऊ, पोळी तुमच्यासाठी हाय. तिला मी भिजवलेल्या मेथ्या आणून देते, वाटीत. कडूनं तोंड वाकडं होतंय, तुम्ही हसाल म्हणती, म्हणून लपवून."

मी म्हणलं, हं.

विश्वास बसला न्हाई. बसवून घेतला न्हाई.

३ एप्रिल, गुरुवार

जखमेला वास यायलाय. पट्टी सोडली तवा शोभीनं नाकाला पदर लावला. स्वतःच्या पायाला! मी म्हणलं, काही न्हाई, औषधाचा वास हाय. ती म्हणली, "व्हय."

आठ दिवसात आमचं एवढंच बोलणं.

७ एप्रिल, सोमवार

२९६. आज शेवया करताना हात थांबला. वाटलं, द्यावं सोडून. खाऊ दे काय खायचं ते. मग ती खाटेवरून म्हणली, "दांडा थांबला. पीठ कोरडं पडलं का?"

परत फिरवायला लागलो.

१३ एप्रिल, रविवार

मैत्रेयी आली. उद्याची जयंती म्हणून दोन दिवस सुट्टी काढून आली. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली, मग पाय बघितला, मग मागं जाऊन नळाखाली तोंड धुतलं. लई वेळ धुतलं.

मी म्हणलं, बघ, तुझे नूडल कसे जमतेत आता! मशीन लावलं. शोभीला डोळा लागला होता आत. मैत्रेयी माझ्याशेजारी बसली. मी पयली शेवई काठीवर घेतली, मागचा डबा पुढं ओढला, मूठभर घेऊन भुरभुरवली. परत मूठभर.

"अप्पा, हे काय लावायलाव?"

"पिठी."

"कशाची?"

"तांदळाची. शेवयाला लावतच असतेत."

ती डब्याकडं बघायली. मग माझ्या मुठीकडं. "रोज एवढी?"

"सोयाबीन चिकट असतंय गं."

"आन उकडलेलं पाणी?"

"फेकतो का काय! कढण करून देतो. रोज दोन वाट्या पिती."

लेकरू उठलं. वाटी आणली. माझ्या तीन मुठी त्यात घेतल्या. काठोकाठ भरली. म्हणली, "अप्पा, हे एवढं तांदळाचं पीठ आई रोज खायलीय. शेवयात थोडं, पाण्यात सगळं. ह्याला पेज म्हणतेत, कढण न्हाई."

मी म्हणलं, "अगं, पिठी हाय ती! पिठी कुणी धरत असतंय का?"

म्हणलं आन ऐकलं. स्वतःच ऐकलं.

गिरणीत गव्हाच्या एका दाण्यासाठी भांडलो होतो मी.

संध्याकाळी मैत्रेयीला चोरटी म्हणल्याचं सांगितलं आन फडताळाचं कुलूप काढलं. आवाज झाला. आतून शोभी म्हणली, "काढलं व्हय कुलूप?" म्हणलं, व्हय. "कामून?" म्हणलं, असंच.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. निळे झेंडे, मिरवणूक, सगळी वस्ती दारात. मैत्रेयीनं आईला पांढरी साडी नेसवून ओसरीत खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर. मिरवणूक आमच्या दारापुढं जरा थांबली. शोभीनं हात जोडले. दरवर्षी ती पुढं चालायची, वेशीपर्यंत.

मी आत दाराआड उभा होतो. पुढं यायचं धाडस होईना.

१५ एप्रिल, मंगळवार

मैत्रेयी गेली. स्टँडवर गाडीत बसताना म्हणली, "आईला सांगा. तुम्ही तिला चोरटी म्हणलाव, तुम्हीच सांगायचं. मी सांगणार न्हाई."

सांगतो म्हणलं.

घरी आलो. शोभी म्हणली, "पोहोचवलं का नीट?" म्हणलं, व्हय. पिठीचा डबा शेण्याच्या ढिगामागं ठेवून आलो. मीच चोरटा.

आजच्या शेवया भाजलेल्या जवसाच्या भुग्यात घोळल्या. तुटल्या, काळपट झाल्या. पाणी फेकून दिलं. शोभीनं घास घेतला, म्हणली, "आज वेगळ्या लागायल्यात." म्हणलं, सोयाबीन दुसऱ्या पोत्यातलं हाय. आणखी एक खोटं.

१७ एप्रिल, गुरुवार

१९४.

१९ एप्रिल, शनिवार

१६१. एका महिन्यात जे झालं न्हाई ते चार दिवसात. आकडा बघून आनंद व्हायला पायजे. मी मशीन हातात धरून रडलो. शोभी विचारायली, "किती आली? लई हाय का?" म्हणलं, न्हाई, कमी हाय. "मग नाक कामून ओढायलाव?"

सर्दी झाली म्हणलं.

आज सांगायचं होतं. दोनदा खाटेपाशी जाऊन बसलो. एकदा पाय दाबून दिला, चांगला पाय. एकदा पाणी दिलं.

२१ एप्रिल, सोमवार

बिदर.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आन पाय उजेडाकडं वळवला. तळव्यापर्यंत काळं गेलंय. हाडाला लागलंय म्हणले. गुरुवारी काढावा लागंल, गुडघ्याखालून. उशीर केला तर वर चढंल.

शोभीला बाहेर बसवून परत आत गेलो. विचारलं, साहेब, साखर महिनाभर आधी उतरली असती तर पाय राहिला असता का?

ते म्हणले, "सांगता येत नाही. राहिलाही असता."

राहिला असता.

गाडीत शोभी खिडकीला बसली. भालकी गेली. मग म्हणली, "खटकचिंचोळीच्या स्टँडपासून घरापर्यंत आज चालत जाऊ हळूहळू. माझ्या पायानं." गेलो. खांद्यावर हात टाकून. चार ठिकाणी बसलो. अर्धा तास लागला. लोक बघायले, बघू द्या.

२४ एप्रिल, गुरुवार

झालं. अकराला नेली, एकला आणली. पांघरुणाखाली एका बाजूला पाय संपतो तिथं पांघरूण सपाट पडलंय. तिकडं बघायचं न्हाई म्हणलं तरी डोळे जातेत.

मैत्रेयी आलीय. माझ्याशी बोलती, पर कामापुरतं.

२७ एप्रिल, रविवार

शुद्धीत हाय, बोलायलीय. म्हणली, नसलेल्या बोटाला खाज सुटलीय. मी तिथं पांघरुणावर खाजवलं. हसली. म्हणली, "उजवीकडं जराक." मी उजवीकडं खाजवलं.

दवाखान्यातलं जेवण जाईना. म्हणली, "शेवया करून आणाल का? पयल्यासारख्या. मैत्रेयी यायच्या आधी करत व्हता तशा."

मी म्हणलं, आणतो. संडासात जाऊन उभा राहिलो.

६ मे, मंगळवार

घरी आणली. वीरभद्रप्पानं त्याच्या पोराचा टेम्पो दिला, स्वतः सोबत आला. सुशीलाबाई दारात उभी होती. घरात जेवण करून ठेवलं होतं तिनं — भाजी आन सोयाबीनच्या शेवया. म्हणली, "शोभाअक्काकडं चार उन्हाळे शिकले, एवढं बी जमू नये व्हय?" आन तिथंच, आमच्या घरात, आमच्या ताटात, शोभीसोबत जेवायला बसली.

मी तिला म्हणलं, पाडव्याचं मनावर घेऊ नका. ती म्हणली, "भाऊ, पोळ्या आम्हीच खाल्ल्या. काही वाया गेलं न्हाई."

एका बाईची माफी मागायला एवढं सोपं गेलं. घरातलीची मागवंना.

१० मे, शनिवार

१३८. जखम कोरडी. डॉक्टर खूश. आता दुसरा पाय जपा म्हणले.

ती रात्रंदिवस गोड बोलती माझ्याशी. कुबड्या आल्या, त्याला टिंगलीनं "कंडक्टर आन क्लीनर" म्हणती. मी जितका गप, तितकी ती जास्त बोलती. ताटात जे वाढीन ते खाती. आजवर एकदा बी म्हणली न्हाई की तुम्ही मला चोरटी म्हणला होता. त्यानंच जीव जायलाय माझा. एकदा कानफटात मारली असती तर जेवलो असतो पोटभर.

११ मे, रविवार

उद्या बुद्ध पौर्णिमा. दरवर्षी खीर असती. ह्या वर्षी सोयाबीनच्या शेवयाची करणार, दुधात, वेलची टाकून, गोडाबिगर. आन सांगणार. उद्या सांगितलं न्हाई तर ह्या वहीत परत हात लावणार न्हाई.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा

सांगितलं. पिठी, डबा, तेलाचं खोटं, सगळं.

खिरीची वाटी हातात धरून ऐकली. मग म्हणली, "ठाऊक हाय मला. पयल्या घासालाच कळलं व्हतं. जन्म गेला माझा शेवयात, तांदूळ वळखू येत न्हाई व्हय? दोन महिने भाताचं शीत जिभेवर न्हवतं वं. बोलले तर बंद कराल म्हणून गप खाल्लं. पेज बी कळत व्हती मला. तुम्ही चोरटी म्हणलाव ते खोटं न्हवतं."

मी तिच्याकडं बघायलो. आज नजर चुकवली न्हाई तिनं.

वाटी पुढं केली. "वाढा अजून. आन आता एकच पाय हाय. पिठी लावू नका — मी मागितली तरी."